कांद्याने नाकारलेली जमीन

प्रस्तावना

लासलगावचे नाव घेतले की कांदा आठवतो. 1947 साली इथे बाजार समिती स्थापन झाली आणि सकाळच्या लिलावात इथे काय भाव फुटतो याकडे देशभरातले व्यापारी डोळे लावून बसू लागले. निफाड तालुक्याच्या या भागात शेत चांगले की वाईट, हे ठरवायचा प्रश्नही एकच: कांदा येतो का? येत असेल तर त्या शेताला खत मिळते, ठिबक मिळते, घरातल्या कर्त्या माणसाचे लक्ष मिळते. येत नसेल तर ते शेत हळूहळू कोणाच्याच हिशेबात राहत नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या कडेने अशी शेते आहेत. सातबाऱ्यावर ती बागायत असतात आणि प्रत्यक्षात त्यांत हरळी आणि विलायती बाभूळ माजलेली असते.

हे पुस्तक त्या शेतांविषयी आहे. क्षार वाढलेल्या जमिनीत झाडांच्या पट्ट्यांमध्ये गहू, ज्वारी, बाजरी, जव ही तृणधान्ये कशी घ्यावीत, का घ्यावीत आणि त्यातून जमीन कशी सुधारत जाते, हा त्याचा विषय. त्यामागचे म्हणणे थोडक्यात असे: क्षारपड हा मातीचा आजार वाटतो, पण त्याचे मूळ पाण्यात असते. पाण्याचा बंदोबस्त होईपर्यंत शेतकऱ्याला त्या शेतातून काहीतरी मिळत राहिले पाहिजे, नाहीतर तो बंदोबस्त कधीच पुरा होत नाही. झाड पाण्याकडे बघते, धान्य घराकडे बघते. म्हणून दोन्ही एकाच शेतात हवीत.

आधी कांद्याचीच साक्ष काढू. जमिनीतले विद्राव्य क्षार मोजायचे तर माती पाण्याने पूर्ण भिजवून तिचा अर्क काढतात आणि त्याची विद्युत वाहकता डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. हा आकडा 4 च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त, अशी जगभर रूढ असलेली व्याख्या आहे. पण पिके त्या व्याख्येची वाट पाहत नाहीत. कांद्याचे उत्पादन 1.2 च्या पुढेच घटू लागते. द्राक्षाची सीमा 1.5, मक्याची 1.7. गहू मात्र 6 पर्यंत फारसा डगमगत नाही, ज्वारी 6.8 पर्यंत टिकते आणि जव 8 पर्यंत. म्हणजे ज्या दोन पिकांवर निफाड तालुका उभा आहे, ती कांदा आणि द्राक्ष, क्षारांच्या बाबतीत सर्वांत हळव्या पिकांपैकी आहेत. प्रयोगशाळा जमिनीला क्षारयुक्त म्हणेल त्याच्या कितीतरी आधी कांद्याची पात शेंड्याकडून जळू लागलेली असते.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर जी क्षारता छापून येते ती बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजलेली असते. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान. तो वरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नये. पत्रिकेवर अर्धा-पाऊण दिसला म्हणून निर्धास्त राहिलेल्या शेतात पुढच्या हंगामात रोप बसत नाही, ते यामुळे. माती देतानाच कोणत्या पद्धतीने मोजणार ते विचारून घ्यावे.

कांद्याच्या या हळवेपणाचा दुसरा अर्थ जास्त मोलाचा आहे. कांदा गेला म्हणजे जमीन गेली असे नव्हे. 1.2 आणि 6 यांच्यामध्ये मोठा टप्पा आहे आणि त्या टप्प्यात धान्य पिकते. पण आपल्या डोक्यात जमिनीच्या दोनच जाती पक्क्या बसल्या आहेत, बागायत आणि पडीक. या दोहोंच्या मधली पायरी आपण वापरायची सोडून दिली आहे.

अशा शेतात माघ-फाल्गुनात एकदा नीट उभे राहून पाहावे. शेताच्या उशाला पीक बरे असते. पायथ्याकडे चालू लागले की आधी नांगे दिसतात, मग रोपे खुजी होत जातात, पानांच्या कडा करपलेल्या दिसतात, आणि शेवटी साऱ्यांच्या वरंब्यावर पांढरी फुटलेली असते. ती वरंब्याच्या माथ्यावर जास्त असते, कारण पाणी तिथे चढून वाळते आणि आपल्यासोबत आणलेले मीठ तिथेच टाकून जाते. काही ठिकाणी पांढरे काहीच दिसत नाही. उलट माती काळपट, तेलकट, ओली असताना पायाला चिकटणारी आणि वाळली की दगडासारखी होते. पावसाचे पाणी तिच्यावर दिवसचे दिवस साचून राहते आणि वाफसा येतच नाही. पहिली जमीन खारवट, दुसरी चोपण. पुष्कळ शेतांत दोन्ही दोष एकत्र असतात.

चोपण ओळखायची एक साधी खूण घरबसल्या पाहता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा शुद्ध पाणी घ्यावे, त्यात हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडावे आणि पेला न हलवता काही तास ठेवावा. ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले तर ठीक. पण त्याच्याभोवती गढूळ ढग पसरला आणि पाणी निवळेनासे झाले, तर मातीच्या कणांना सोडियम चिकटला आहे असे समजावे. हा सोडियम कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. सुटे झालेले बारीक कण मातीच्या भेगा आणि छिद्रे बुजवतात, मग पाणी खाली जात नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पुस्तकी व्याख्येत विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांवर गेले की जमीन चोपण मानतात, पण आपल्या भारी काळ्या जमिनीत त्याच्या पुष्कळ आधीच त्रास सुरू होतो. क्षार फार असले तर हा ढग दिसत नाही, म्हणून पेल्याची खूण प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. तिच्याकडे जायला ती भाग पाडते, एवढे पुरे.

हे मीठ येते कुठून? थोडे मूळ खडकातून, आणि बाकीचे आपण पाण्याबरोबर घालतो. हिशेब सोपा आहे. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी पिऊन पाहिले तर खारट लागणारही नाही. एका हेक्टरला वर्षभरात 1 मीटर उंचीचे पाणी दिले तर ते 1 कोटी लिटर होते, आणि त्यातून 5 टन क्षार शेतात पडतात. पीक पाणी घेते, क्षार जवळपास सगळे मागे ठेवते. ते खाली धुऊन जायला वाट असेल तर चिंता नाही. वाट नसेल तर भूजल वर चढू लागते. काळ्या जमिनीत ते पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आले की ऊन त्याला वर ओढते आणि मीठफुटी सुरू होते. निफाड परिसरात पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही काही आठवड्यांत पडणारा. तो एकटा हे ओझे धुऊन काढू शकत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. पंचवीस वर्षांत बारामतीकडची ऊसजमीन बिघडू लागली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस आणि बाकीच्या जमिनीत हंगामी पिके, असा तिचा नियम. पाणी थोड्या जमिनीवर कोंबण्यापेक्षा जास्त जमिनीवर फिरवावे, हा विचार त्यामागे होता. उसाच्या शेजारी धान्याला दिलेली ती जागा जमीन वाचवण्यासाठीही होती, हे आपण विसरलो.

1916 हे वर्ष नाशिककरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी इगतपुरी तालुक्यात दारणा धरण पुरे झाले. दारणेचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहात्याकडे जाऊ लागले. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने पुण्यात सिंचनाचा खास अभ्यास करणारा विभाग काढला. दख्खनच्या कालव्यांखालची पाणथळ होणारी जमीन आणि तिचा निचरा यांचा अभ्यास तिथे क्लॉड इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्याच विभागातून वाढले. पाणी आणणारे काम आणि पाण्याने होणारे नुकसान मोजणारे काम एकाच वर्षी उभे राहिले. पाणी आणायच्या कामाला नंतर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळाली. पाणी काढायच्या कामाला दोन्ही कमी पडली. आज महाराष्ट्रात सुमारे 6 लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. त्यात विदर्भातला पूर्णेचा खारपाणपट्टा आणि कोकणची खारजमीन निसर्गाने दिलेली आहे, तर कालव्यांखालची आपण केलेली आहे.

आता झाडांकडे येऊ. जमिनीत किती पाणी मुरते आणि किती परत हवेत जाते, हा तोल झाडे सांभाळतात. तो तोल बिघडला की काय होते, ते सर्वांत आधी ज्यांनी लिहून ठेवले त्यांत पश्चिम ऑस्ट्रेलियाचे रेल्वे अभियंता डब्ल्यू. ई. वुड होते. इंजिनांच्या बॉयलरसाठी साठवलेले पाणी खारट होत चालले आहे आणि ज्या भागात जंगल तोडून गहू पेरला तिथेच हे घडते आहे, असे त्यांनी 1924 मध्ये मांडले. वर्षभर खोल मुळांनी पाणी ओढणारी झाडे गेली, त्यांच्या जागी चार-पाच महिने उभा राहणारा गहू आला, उरलेले पाणी खाली मुरले, भूजल वर आले आणि जुने मीठ घेऊन आले. तिथे तर कालवाही नव्हता. धान्य हवे म्हणून झाडे पूर्ण काढली, आणि काही वर्षांनी धान्यही गेले.

उलट दिशेचा पुरावा हरियाणात आहे. हिसार जिल्ह्यातल्या पुठी गावी, कालव्यालगतच्या पाणथळ शेतात, कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने निलगिरीचे पट्टे लावले गेले. उत्तर-दक्षिण वरंबे, प्रत्येक वरंब्यावर झाडांच्या दोन ओळी आणि दोन पट्ट्यांत सुमारे 66 मीटरची मोकळी जागा. तीन वर्षांत तिथले भूजल सुमारे 85 सेंटिमीटर खाली गेले, आणि पट्ट्यांमधल्या गव्हाचे उत्पादन शेजारच्या तशाच पाणथळ, झाडे नसलेल्या शेतांच्या तिपटीहून जास्त भरले. झाडांनी गव्हाला खत दिले नाही की सावली दिली नाही. त्याच्या मुळांखालचे पाणी फक्त हातभर खाली नेले. तेवढ्याने फरक पडला.

चोपण जमिनीत झाड आणखी एक काम करते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी मुबलक असते, पण ती विरघळत नाही, म्हणून तिच्यातला कॅल्शियम उपयोगी पडत नाही. मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि कुजणारा पालापाचोळा मातीत सौम्य आम्ल तयार करतात. चुनखडी थोडी थोडी विरघळते, सुटलेला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. जिप्समने जे काम झपाट्याने होते तेच हे, फक्त सावकाश आणि खोलवर. दोन्ही एकत्र करता येते. कर्नालच्या संस्थेने यासाठी सुधारलेली रीत अशी: गिरमिटाने साधारण वीतभर रुंद आणि मीटरभराहून खोल भोक पाडायचे, वाटेतला चुनखडीचा कठीण थर फोडायचा, आणि काढलेल्या मातीत काही किलो जिप्सम व शेणखत मिसळून ते भोक भरून त्यात रोप लावायचे. मोठा उथळ खड्डा इथे निरुपयोगी, कारण मूळ त्या थराशी जाऊन अडते आणि झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाळते.

आपल्या भागासाठी कोणती झाडे? बाभूळ पहिली. ती क्षार सोसते, हवेतला नत्र जमिनीत आणते, तिच्या शेंगा शेळ्यांना, लाकूड अवजारांना आणि सरपणाला. त्यातही रामकाठी बाभूळ, जिच्या फांद्या पसरत न जाता सरळ वर चढतात. तिची सावली अरुंद पडते, म्हणून पिकाशेजारी ती शोभते. पाणथळ कडेला अर्जुन, करंज, जांभूळ. थोडी सुधारलेली जमीन असेल तर बोर, आवळा, चिंच. निलगिरी जिथे भूजल वर आले आहे तिथेच, आणि पट्ट्यातच. विहिरी तळाला गेलेल्या गावाच्या कोरड्या अंगाला ती लावण्यात अर्थ नाही. विलायती बाभूळ क्षाराला पुरून उरते हे खरे, पण ती आपली हद्द पाळत नाही. तिला मुद्दाम शेतात आणू नये.

झाडांची बाजू मांडताना त्यांच्या मर्यादाही तितक्याच ठळकपणे सांगायला हव्यात. झाड पाणी पिते, मीठ पीत नाही. त्याच्या मुळांशी क्षार साठत जातात. ते धुऊन न्यायला पावसाचे पाणी शेतात अडवावे लागते आणि ते बाहेर काढायला चर लागतो. चर नाही आणि नुसती झाडे आहेत, अशा शेतात काही वर्षांनी झाडेच आजारी पडतात. दुसरे, झाडाजवळच्या तीन-चार तासांत धान्य कमी येणारच. ओळी उत्तर-दक्षिण ठेवल्या, गहू पेरण्याआधी खालच्या फांद्या छाटल्या आणि पिकाच्या बाजूला नांगराने मुळे तोडली तर ही घट आटोक्यात राहते, पण नाहीशी होत नाही. तिसरे, झाडाचा पैसा पाच-सहा वर्षांनी येतो. तोवर घर चालवायचे काम धान्याचे आहे.

आणि धान्याच्या बाबतीत निफाड नशीबवान आहे. इथल्या कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत जो आकडा वाचायला मिळतो, तो पुष्कळदा याच केंद्रावर नोंदलेला असतो. ती थंडी गव्हाला फुटवे देते. त्र्यंबक, तपोवन, समाधान हे वाण याच केंद्राने दिले. क्षारांसाठी खास पैदास केलेले केआरएल 210 आणि केआरएल 213 हे वाण कर्नालचे. इथल्या थंडीत आणि इथल्या काळ्या जमिनीत त्यांतला कोणता टिकतो, हे प्रत्येकाने आपल्या शेताच्या एका कोपऱ्यात लावून ठरवावे. सहनशील पीकसुद्धा उगवताना हळवे असते, हे मात्र विसरू नये. म्हणून बियाणे थोडे जास्त, पेरणी वरंब्याच्या माथ्यावर न करता बगलेत, आणि पहिली दोन पाणी हलकी पण वेळेवर. खरिपात बाजरी किंवा ज्वारी घ्यावी, तीही शक्यतो चाऱ्याच्या हिशेबाने, म्हणजे दाणे कमी भरले तरी गोठा रिकामा राहत नाही. त्याआधी पावसाच्या तोंडावर धैंचा पेरून दीड महिन्यात गाडता आला तर उत्तमच.

या सगळ्याचा हिशेब कसा मांडायचा, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की या शेताची तुलना कांद्याच्या शेताशी करू नये. ती पडीक शेताशी करावी. पडीक शेत शून्य देते आणि शेजाऱ्याला खार देते. गव्हाची आठ-दहा पोती, बाजरीचा कडबा, शेळ्यांना पाला आणि बांधावर उभी राहत असलेली लाकडाची ठेव, ही शून्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम आहे. शिवाय जमीन दरवर्षी थोडी सुधारत असते. त्या सुधारणेला आज बाजारात भाव नाही, पण तीच खरी कमाई आहे.

एका गोष्टीबद्दल या पुस्तकात वारंवार आग्रह दिसेल: हे काम एकट्याने पुरे होत नाही. पाणी बांध ओळखत नाही. वरच्या अंगाचा शेतकरी उसाला पाट सोडून झोपतो आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची जमीन चिबड होते. खालच्याने चर काढला तर तो पुढच्याच्या शेतात तुंबतो. नाशिक-धुळ्याकडच्या फड पद्धतीत पूर्वीच्या लोकांनी हे ओळखले होते. एका फडात सगळ्यांचे एकच पीक आणि पाण्याची पाळी सगळ्यांनी मिळून पाळायची. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावेच्या गावे एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकत आहेत, पडीक पडलेली जमीन पुन्हा पिकाखाली आणत आहेत. गोदाकाठच्या गावांनीही ओढ्यापर्यंतचा एक सामाईक चर काढला, तर झाडांना आणि धान्याला जे करायचे आहे ते दोन्ही करू शकतील. 2014 साली देशाने कृषिवानिकीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. असे धोरण स्वीकारणारा भारत जगातला पहिला देश ठरला. त्या कागदाला शिवारात जागा द्यायची तर ती सर्वांत आधी या बिघडलेल्या शेतांत द्यावी, कारण इथे झाड कोणाच्या कांद्याची जागा अडवत नाही.

पुढची प्रकरणे ज्या क्रमाने काम करायचे त्याच क्रमाने येतात. आधी जमिनीची पारख, मग पाण्याची वाट, मग झाडांची निवड आणि लागवड, त्यानंतर तृणधान्ये, आणि शेवटी सहा-सात वर्षांचा जमाखर्च. घाईत असलेला वाचक थेट पेरणीच्या प्रकरणाकडे वळेल. त्याला विनंती की निचऱ्याचे प्रकरण ओलांडून पुढे जाऊ नये. त्याच्याशिवाय बाकीचे सगळे वाया जाते.

ज्यांच्या शेतात कांद्याचे नांगे गेल्या दोन-तीन हंगामांपासून वाढत आहेत, त्यांच्यासाठी हे पुस्तक सर्वांत आधी आहे. पूर्ण पांढरी पडलेली जमीन परत आणायला वर्षे आणि मोठा पैसा लागतो. कडेने बिघडू लागलेली जमीन एक चर, एक झाडांचा पट्टा आणि गव्हाच्या काही हंगामांत सावरू शकते. म्हणून या उन्हाळ्यात शेताच्या पायथ्याला दोन मीटरचा एक खड्डा घ्यावा, त्यात पाणी किती खोलीवर लागते ते मोजावे आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवावा. पाऊस संपल्यावर पुन्हा मोजावे. पाणी दीड मीटरच्या आत येत असेल, तर त्या पायथ्याला पुढच्या वर्षी कांद्याची लागण करू नका. तिथे आधी चर काढा, झाडे लावा आणि गहू पेरा.